माणसांचा रकाना

आमच्या कॉलेजात तिला सगळे कचराबाई म्हणतात. पोरं पाठीमागे म्हणतात, आम्ही स्टाफरूममध्ये तोंडावर म्हणतो आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती शाश्वत विकास शिकवते. हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, म्हणजे कोणालाच नको असलेला आहे. मी शेजारच्या टेबलावर बसते आणि हिशेबतपासणी शिकवते. तीही कोणाला नको असते, पण निदान तिच्यावर नोकरी लागते असा पोरांचा समज आहे.

पहिल्या तासाला ती फळ्यावर व्याख्या लिहिते: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं काही कमी होऊ नये. पोरं ती उतरवून घेतात आणि विसरतात. मग ती त्यांना कामाला लावते. आठवडाभर घरातला सुका कचरा साठवायचा आणि सोमवारी वर्गात आणायचा. दाराच्या चौकटीला प्रयोगशाळेतला तानकाटा टांगलेला असतो. एकेक पिशवी त्याला अडकवायची आणि वजन फळ्यावर लिहायचं. वास जिन्यापर्यंत येतो आणि शिपाई दिवसभर कपाळाला आठ्या घालून फिरतो. स्वतःची पिशवीही ती आणते. आपण केल्याशिवाय पोरांना सांगू नये, असं तिचं मत आहे. मी तशी नाही. मी पोरांना काटकसर शिकवते आणि दुकानात गेले की माझा हात सुटतो.

तिची पिशवी सगळ्यांत हलकी भरते. पूर्वी तसं नव्हतं. सासूबाई, नवरा, मुलगा असं भरलेलं घर होतं, तेव्हा तिची पिशवी फाटायला यायची आणि ती वर्गापुढे मुलाच्या बिस्किटांचा आणि नवऱ्याच्या सिगारेटींचा हसत हसत उद्धार करायची. आधी सासूबाई गेल्या. मग नवरा गेला, तोही असा तडकाफडकी की त्याचा डबा ऑफिसातच राहिला. मुलगा शिकायला लांब गेला, तिकडेच नोकरीला चिकटला. रविवारी फोन करतो. जेवलीस का, विचारतो. ती हो म्हणते आणि दोघांनाही पुढचं वाक्य सुचत नाही.

पोरांना यातलं काही ठाऊक नाही. वर्गात ती अजून ‘आमच्याकडे’ असंच म्हणते. आमच्याकडे दिवे वेळेवर बंद होतात. आमच्याकडे काही फेकायच्या आधी दोनदा विचार करतात. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात शिस्तीची फौज आहे.

मी तिच्या घरी गेले आहे. तीन खोल्या, त्यातल्या दोन खोल्यांचे दिवे लागतच नाहीत. ओट्यावर एकच पातेलं पालथं घातलेलं. एका माणसापुरतं दही कपातून येतं, एका माणसापुरता पाव छोट्या पुडक्यातून, वर रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं. मला बसायला द्यायला तिने खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलला आणि तो ठेवायचा कुठे, हे तिला कळेना. त्या खुर्चीवर कितीतरी दिवसांत कोणी बसलं नव्हतं. माझ्या घरी सासूबाई, नवरा, दोन कारटी आणि जायचं नाव न घेणारा दीर. न्हाणीघरापुढे रांग असते, घटकाभर शांतता मिळेल तर शपथ. तिच्याकडून निघाले तेव्हा मात्र मला घरी जायची घाई झाली होती.

या वर्षी प्राचार्यांच्या डोक्यात आलं, या उपक्रमाचे दोन फलक प्रवेशद्वाराशी लावायचे. एक आदर्श घर, दुसरं ‘सुधारणेस वाव’ असलेलं घर, दोन्ही फोटोंसकट. पहिल्या नंबरावर अर्थातच कचराबाई होती. शेवटच्या नंबरावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी होती. तिने अख्खं पोतं रिक्षात घालून आणलं होतं, ते तानकाट्याला अडकवताना चौकट करकरली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली.

“मॅडम, आमच्या घराचा फोटो नका ना लावू.”

“का गं?” कचराबाईने विचारलं.

“आम्ही नऊ जण आहोत. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, सगळे एकत्र. काका म्हणतील, तुला शिकायला पाठवलं की आमची अब्रू वेशीवर टांगायला? आणि मॅडम, आम्ही काही उधळे नाही. आत्याचे कपडे मला होतात, माझे धाकटीला.”

“बघते मी,” कचराबाई म्हणाली. मुलगी दारातच घुटमळली आणि गेली.

मला राहवेना. म्हटलं, “वजनाला माणसांनी भाग. माझ्या वर्गातल्या ढ पोरालाही एवढं कळेल. आणि पूर्वी तू भागायचीस. फळ्यावर माणसांचा रकाना असायचा. तो कुठे गेला?”

ती पेनाचं टोपण काढत आणि लावत बसली. “मुलगा शिकायला गेला त्या वर्षी काढून टाकला.”

“का?”

“माझ्या नावापुढे एक लिहायला लागलं असतं.”

मला तिची दया यायला हवी होती, पण राग आला. “मग बघू दे त्या पोरीच्या काकांना फलक,” मी म्हटलं.

“तू फार लागेल असं बोलतेस.”

“बोलते. घरात रोज सराव होतो.”

ती हसली नाही. संध्याकाळी निघताना मात्र म्हणाली, “उद्या तुझा पहिला तास मोकळा आहे ना? मागे येऊन बसशील?”

मी जाऊन बसले. तिने वर्गाला सरळ सांगितलं, “वजनं मोजण्यात माझी चूक झाली आहे. एक रकाना राहून गेलाय.” फळ्यावर उभी रेघ ओढून वर लिहिलं, घरातली माणसं. पोरं आपापला आकडा ओरडून सांगू लागली. चार, पाच, तीन, सहा. नऊ ऐकल्यावर मागून कोणीतरी शिट्टी मारली. सगळे आकडे झाले, तिची ओळ तेवढी राहिली. वर्ग प्रतिनिधीने अगदी भाबडेपणाने विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे किती?”

ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. “एक,” ती म्हणाली आणि लिहिला. मग वळून म्हणाली, “बाकीच्यांनी भागाकार करा. माझा करायची गरज नाही. एकाने भागून काही कमी होत नाही.”

मोबाइल निघाले, भागाकार झाले. नऊ जणांचं घर सरळ पहिल्या नंबरावर गेलं. त्या मुलीने ओठ दाबून हसू आवरलं, पण ते डोळ्यांतून सांडलंच. तळाला कचराबाई गेली. पुढच्या बाकावरच्या एकाला वाटलं, आपलंच गणित चुकलं. त्याने परत केलं, तेच आलं.

दरवर्षी शेवटच्या नंबरच्या घरासाठी वर्गाने उपाय सांगायचे असतात. तीही पायरी तिने गाळली नाही. “बोला. या घराने काय करायला हवं?”

वर्ग प्रतिनिधी वहीत समास आखू लागला.

“लाजू नका. हा प्रश्न परीक्षेला येतो.”

“मॅडम, दही मोठ्या डब्यातलं आणायचं,” एकाने धीर केला.

“संपत नाही ते. आंबून जातं,” ती म्हणाली, पण उपाय एक म्हणून लिहून घेतलं.

मग ती नऊ जणांच्या घरातली मुलगी अर्धवट उठली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उत्तर येतंय म्हणून उठली होती, एवढंच.

“मॅडम, त्या घरात माणसं वाढायला हवीत.”

कचराबाईने छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, उपाय दोन: घरातली माणसं वाढवणे. खाली रेघ मारली.

“बरोबर,” ती म्हणाली. “अगदी बरोबर. आता हे अमलात कसं आणायचं, तेवढं सांगा.”

पोरांनी वह्यांमध्ये माना घातल्या. पोरं खरंच उत्तर शोधत होती. आणि कचराबाई खडू धरून फळ्याशी उभी होती, कोणी सांगितलंच तर लिहून घ्यायला.