तांब्याची गोष्ट सांगू नको

सातवीत शाळा सुटली आणि भंडाऱ्याकडचं गाव सोडून मी भिलाईत आलो. तेव्हापासून पोलाद कारखान्याच्या भंगार यार्डात, ठेकेदाराकडं. काम एवढंच की भट्टीत जाणाऱ्या भंगारातून तांबं वेचून काढायचं. चुंबकाची क्रेन लोखंड उचलते, पण जुन्या मोटरीच्या पोटातली तारही त्याच्यासोबत निघून जाते. एकदा वितळली की ती काही परत काढता येत नाही. वजनावरून कळत नाही, रंगावरून कळत नाही. पुढं तापलेलं पोलाद लाटताना चिरा पडतात, तेव्हा कळते.

मुलगी फिजिक्स शिकली. संशोधनाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, विषय कृष्णविवरं. तिची आई गावी म्हाताऱ्यांजवळ, म्हणून इथं कुरुद वस्तीतल्या आमच्या खोलीत ऐकणारा मीच. ड्युटीवरून येऊन पाय धुतले की ती मला समोर बसवी. माझे डोळे मिटत, तरी मी हो हो म्हणत राहायचो.

एका संध्याकाळी मात्र थोडं समजलं. कृष्णविवरात काहीही पडो, बाहेरून तीनच गोष्टी कळतात: वस्तुमान, फिरणं आणि विद्युतभार. पण क्वांटमच्या हिशेबानं आणखी छुपे भार असू शकतात. ते ओढत नाहीत, ढकलत नाहीत. जवळून वळसा घालून गेलेल्या कणावर पुसटशी खूण तेवढी राहील, आणि तीही अजून कोणी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या तांब्यासारखंच.

ती हसली. "नाही बाबा. तांबं तुकडा कापला का लॅबमधी सापडते. तिथून तुकडा कोण आणन? बाहेरूनच फिरून पाहा लागते." मग म्हणाली, हे मी मुलाखतीतही सांगणार.

बाप भंगार वेचतो हे त्या मोठ्या लोकांना कशाला?

"तांब्याची गोष्ट सांगू नको, माय," मी म्हटलं.

"कावून? खोटी हाय का?"

मुलाखतीच्या दिवशी यार्डात माझा हात चालेना. संध्याकाळी आली ती आधी जेवायला बसली, मग बोलली. सांगितलंच होतं तिनं. ही तुलना कुठं तुटते, असं मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, तर तिनं तुकडा कापण्याचं ते खोलीतलं बोलणंच पुढं ठेवलं. एका मॅडमनं विचारलं, तांब्याचं कोणी सांगितलं? बाबांनी, ते वेचतात, म्हणाली. कोणी हसलं नाही.

पुढं फोन आला, जागा मिळाली. त्या लोकांचे उपकार मोठे.

ती आता दूर आहे. ड्युटीवरून येतो, पाय धुतो आणि सवयीनं तिथंच बसतो. डोळे मिटतात. हो म्हणावं असं समोर कोणी नसते.