चीनला पोचलेला नैवेद्य

सुपातले निम्मे तांदूळ पाखडून झाले होते, निम्मे अजून कोंड्यासकट पडले होते. तेवढ्यात सून रेश्मा मोबाइल धरून ओसरीवर आली आणि तिचं तोंड बघूनच सारजाबाईंनी ओळखलं, चीनची लिनबाई पुन्हा काहीतरी बोलली.

"आत्या, पैसे अजून जमा न्हाईत म्हणतीया."

"आपल्या खात्यातनं तर गेल्यात."

"गेल्यात की. तिच्या बँकेनं धरून ठेवल्यात."

सारजाबाईंनी सूप बाजूला सारलं. पौडच्या पुढच्या माले गावात त्यांच्या बचत गटाच्या बायका देवाच्या वाती वळतात. हिंजवडीच्या उंच इमारतींतल्या बायका रोज दिवा लावतात, पण वात विकतच घेतात. मागणी एवढी वाढली की मांडीवर वाती वळून वळून सगळ्यांची कातडी सोलवटली. मग मशीन घ्यायचं ठरलं. रेश्माने मोबाइलवर शोधलं, ते निघालं चीनच्या एका कारखान्यातलं. बायकांनी कोंबड्या विकून, भिशी उचलून पैसे जमवले ते सारजाबाईंच्या शब्दावर.

कारखान्याच्या लिनबाईंचे निरोप मोबाइल मराठीत करून दाखवायचा. "आदरणीय ग्राहक, आपले यंत्र आनंदाने उभे आहे," असं आलं की सगळा गट पदर तोंडाला लावून हसायचा. आजचा निरोप मात्र हसण्यासारखा नव्हता. त्यांच्या नववर्षाची सुट्टी तोंडावर आली होती. त्याआधी पैसे पोचले नाहीत, तर मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार.

"एक वाट हाय म्हणतीया," रेश्मा हळूच बोलली. "पहिले पैसे माघारी येतील तवा येतील. तवर तिच्या मामाच्या खात्यावर दुसरे पाठवा म्हणं. लगेच पोचत्यात."

"मामा कारखान्याचा मालक हाय का?"

"न्हाई. मामा हाय."

"मग त्याचं काय काम? सोयरीक पोरीच्या बापाशी करायची का शेजाऱ्याशी? ऊठ, लुगडं बदलते मी. पौडला जाऊ."

वडापच्या जीपमध्ये चेपून बसल्यावर सारजाबाईंनी वाटभर जप केला. मध्येच थांबून म्हणाल्या, "रखमाच्या कोंबड्या लई गुणाच्या व्हत्या गं." आणि पुन्हा माळ सुरू.

बँकेत परदेशी पैशांचं काम कौस्तुभ नावाचे तरुण साहेब बघायचे. पैसे पाठवायचा अर्ज भरला त्या दिवशी ते रजेवर होते. मामाच्या खात्याचं ऐकताच त्यांनी दोन्ही हात वर केले. "मावशी, बिल कारखान्याचं आणि पैसे मामाला, असं मी पाठवूच शकत नाही. आणि गेले असते, तर मशीन मागायला कुणाकडे गेला असतात?"

"मी त्येच म्हणलं हिला."

लिनबाईंनी त्यांच्या बँकेचं पत्रही पाठवलं होतं. कौस्तुभनी ते वाचलं, मग गटाचा अर्ज काढून वाचला आणि चष्मा पुसायला लागले. "मावशी, ते विचारतायत, ही देणगी कुठल्या देवळासाठी आहे."

"कसली देणगी?"

"पैसे कशासाठी, या रकान्यात काय लिहिलंय बघा. ईश्वरसेवेसाठी, देवळात वाती पुरवण्यास. इंग्रजीत."

रेश्मा भिंतीवरची व्याजदराची पाटी वाचायला लागली. लिहिलं तिनेच होतं, पण सांगितलं सारजाबाईंनी. दूध तापवतानाही ज्या देवाचं नाव घेतात, त्या एवढी रक्कम नुसती कशी धाडतील?

"परदेशातून देवाच्या नावाने पैसे आले, तेही कारखान्याच्या खात्यात. त्यांच्या बँकेला वाटलं, काहीतरी भानगड आहे," कौस्तुभ म्हणाले. "आपण खुलासा पाठवू. वाती वळायचं मशीन, नग एक, देणगी नाही. देवाचं नाव तेवढं काढावं लागेल."

सारजाबाईंनी माळ मुठीत धरली. रेश्माला वाटलं, आता आत्या उठणार आणि मशीनही बुडणार. काचेपलीकडचे साहेब पेन उघडून वाट बघत राहिले.

"काढा," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याला मी तोंडी सांगन. त्यो काय कागुद वाचत बसत न्हाई."

खुलासा गेला. सोबत मशीनचा फोटो गेला, बिल गेलं, आणि रेश्माने आपल्या मनाने देवापुढे बसून वाती वळणाऱ्या सासूचाही फोटो जोडला. मधले दिवस सारजाबाईंनी रखमाच्या दारावरून जायचं टाळलं. पाण्यालासुद्धा मागच्या वाटेने गेल्या.

संकष्टीला मोदकांची उकड मळत असताना मोबाइल वाजला. रेश्माने मोठ्यांदा वाचलं. "आदरणीय ग्राहक, धन सुखरूप पोहोचले. यंत्र सुट्टीपूर्वी जहाजाकडे प्रस्थान करेल. आपल्या देवास माझा विनम्र नमस्कार."

"बघ," सारजाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "कागदावरनं काढला तरी पोचलाच की त्यो तितं."

"माझ्यामुळं पोचला. फोटो मी धाडला."

"व्हय बाई, तुझ्यामुळं. पयला मोदक रखमाला नेऊन दे. न्हाई, थांब, मीच जाते."

रखमाकडून येताना त्यांना एकनाथ वायरमनच्या घरी थांबायचं होतं. ओसरीत मशीनसाठी जाड वायरचा बोर्ड बसवायला सांगायचं होतं.