हुकुमचंद कंडक्टरचा आवाज

हुकुमचंद पटले एस.टी.त कंडक्टर होते आणि फुकट या शब्दाचं त्यांना वावडं होतं. १९९९ साली एकदा त्यांची बायको मुन्नीबाई लहानग्या खुमेंद्रला घेऊन माहेराहून, अर्जुनीहून, नवऱ्याच्याच गाडीत बसली. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना मिळणारा पास ती घरी विसरली होती. हुकुमचंदांनी भरल्या गाडीत सगळ्यांसमोर दांडीवर तिकिटाचा पंच टकटक वाजवला आणि म्हणाले, "तिकीट."

"अवो, मी होय ना!"

"तू होय, मनूनच सांगून राहिलो. पास नाई तं तिकीट."

खुमेंद्रच्या मायने लुगड्याच्या टोकाची गाठ सोडून पैसे दिले आणि गोंदिया येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. गाडीतले लोक हसत होते. खुमेंद्रला मात्र बाप त्या दिवशी फार मोठा वाटला. वाटावाच, त्या वयात बाप मोठाच असतो.

हुकुमचंदांचा आवाज गोंदियाच्या स्टँडवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. "चलाऽ गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी, परतापगऽड!" असं ते एका दमात म्हणत आणि शेवटच्या गडाला असा हेल देत की हॉटेलातला माणूस अर्धा चहा टाकून पळत सुटे. इकडच्या या प्रतापगडला महादेवाला जाणारे आणि दर्ग्यावर जाणारे एकाच बाकावर बसत, आणि हुकुमचंद दोघांवर सुट्ट्या पैशांसाठी सारखेच खेकसत.

खुमेंद्रचं कॉलेज अर्धवट सुटलं आणि तो गुड्डूच्या सायबर कॅफेत कामाला लागला. तिथे त्याला बस चालवायचा एक परदेशी खेळ सापडला. त्या खेळात अशी सोय होती की खेळणाऱ्याने स्वतः गाड्या आणि रस्ते बनवून आत घालावेत. अशा घरी केलेल्या भरीला खेळणारे मॉड म्हणतात. खुमेंद्रने आपली लाल गाडी बनवली, गोंदिया ते प्रतापगड रस्ता बनवला, धानाच्या बांध्या आणि राइस मिलची धुराडी बनवली. मग एक दिवस मोबाइल घेऊन तो बापाच्या गाडीत बसला आणि जाऊन-येऊन सगळ्या थांब्यांची हाक त्याने टिपून घेतली. खेळातली गाडी थांब्यावर लागली की त्याचे बाबूजी ओरडत, "नवेगावबांधवाले, उतराऽ, झोपले का बे!"

हे सगळं त्याने इंटरनेटवर फुकट ठेवलं. कुणीही घ्यावं. इकडून पोटापाण्यासाठी पुण्याला, हैदराबादला गेलेली पोरं ते उतरवून घेऊ लागली. देवरीकडच्या जंगलपट्टीतला नीलेश मडावी पुण्याजवळ एका कारखान्यात गार्ड होता. त्याने नंबर शोधून फोन केला. "दादा, ड्युटी सुटली का मी खोलीवर तुमची गाडी चालवतो. तुमचे बाबूजी ओरडले का गावाले आल्यावाणी वाटते. हासू नका."

खुमेंद्र हसला नाही. उलट त्याला भरून आलं. घरी त्याने ही गोष्ट सांगितली, तर हुकुमचंद जेवताना थांबून म्हणाले, "मंजे सारे फुकट बसून राहिले माझ्या गाडीत?" सगळे हसले. पण हुकुमचंद हसत नव्हते.

मग हुकुमचंदांच्या तोंडात जखम निघाली. जन्मभर गालात धरलेल्या खर्ऱ्याने, त्या सुपारी-तंबाखूने, आपला हिशेब केला. नागपूरला ऑपरेशन झालं, दुखणं घशात उतरलं, दुसरं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. माणूस वाचला, पण घरात पाटी-पेन्सिल आली. पाणी हवं तर पाटी. रागावायचं असेल तरी पाटी, आणि पाटीवर कुणाला धड रागावता येतं?

त्या दिवसांत खुमेंद्र संध्याकाळी गाडी चालवायला बसे आणि माय तांदूळ निवडत त्याच्यामागे बसे. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. थांबा आला की तिचे हात थांबत एवढंच. खाटेवरून हुकुमचंद आपलीच हाक ऐकत, आणि ऐकताना त्यांचे ओठ हलत.

अशात खेळाच्या कंपनीने इंटरनेटवरच दुकान उघडलं. खेळणाऱ्यांनी बनवलेल्या वस्तू आता विकता येणार होत्या. खुमेंद्रच्या गाडीला मागणी होती, म्हणून कंपनीने आपणहून विचारलं. गुड्डू म्हणाला, "अरे, पूरी दुनिया बेच रही है, तू क्या धर्मशाला खोल के बैठा है?" बाबूजींची औषधं चालू होती. खुमेंद्रने होकार दिला. कंपनीची अट एकच होती, पण जबर होती: वस्तू आता कंपनीची. फुकटच्या सगळ्या प्रती काढायच्या, बनवणाऱ्यानेही जवळ ठेवायची नाही, आणि जो विकत घेईल त्याच्या खेळात गाडी आणि रस्ता भरला जाईल, आवाज मात्र दर वेळी खेळ उघडल्यावर कंपनीच्या दुकानातून तेवढ्यापुरता येईल.

हुकुमचंद मात्र खूश झाले. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आता बरोबर. तिकीट लागलं.'

खुमेंद्र मग हात धुऊन फुकटवाल्यांच्या मागे लागला. जिथे जिथे आपली गाडी दिसेल तिथे तक्रार करून काढायला लावू लागला. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, बापाचा आवाज विकून खाल्ला म्हणाले. ते त्याला लागलं, कारण खोटं नव्हतं. नीलेशचा फोन आला. "दादा, माझ्याजवळची एक राहू द्या ना. कोणाले देत नाई मी."

"नाई. पाहिजे तं इकत घे."

 नीलेश म्हणाला, "बरं दादा, तुमचा बाप होय. पुसतो."

राहिली खुमेंद्रची स्वतःची प्रत. ती त्याला ठेवायची होती. कंपनी काय गोंदियात येऊन पाहणार होती? त्याने फोल्डर लपवायला घेतलं आणि मागे पाटीवर पेन्सिल करकरली. हुकुमचंद उठून उभे होते. 'विकलं ते त्याहीचं. ठेवशील तं विनातिकीट.'

"बाबूजी, तुमचाच आवाज होय ना!"

त्यांनी पेन्सिलीने पाटीच्या चौकटीवर टकटक केलं, गाडीत दांडीवर करत तसं. खुमेंद्रने बापाच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं, मोबाइलमधलंसुद्धा. आणि मग, इतर गिऱ्हाइकांसारखीच, स्वतःची गाडी विकत घेतली. या इमानदारीला काय म्हणावं? नमस्कार करावा असं वाटतं आणि कपाळ बडवून घ्यावं असंही वाटतं.

२०१६ साली हुकुमचंद गेले. माय रडली, सावरली, आणि तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी सूप घेऊन खुमेंद्रमागे येऊन बसली. "लाव बापा, गाडी." तेव्हापासून रोज गाडी लागायची. नवेगावबांधला बाबूजी ओरडले की ती हळूच म्हणायची, "हो, उतरून राहिले ना लोक, ओरडता कायले?" कुणाला खोटं वाटेल, पण ती त्या दिवसांत सुखी होती.

दोन वर्षांनी कंपनीने दुकान बंद केलं. चाललं नाही, म्हणून बंद. चार ओळींचा इंग्रजी निरोप आला. खुमेंद्रने खेळ उघडला तर गाडी होती, रस्ता होता, कारण ते खेळातच भरलेलं होतं. दुकानातून येणारा आवाज तेवढा नव्हता.

तो वेड्यासारखा शोधत सुटला. गुड्डूचे जुने कॉम्प्युटर भंगारात गेले होते. बहिणीच्या, रिंकीच्या लग्नाच्या सीडीत बाबूजी अक्षता टाकताना बोलत होते, पण फोटोवाल्याने वरून गाणी चढवली होती. कंपनीला पत्रं लिहिली, कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी त्याने लाज गिळून नीलेशला फोन लावला.

"नीलेश, ते जुनं… तुझ्याजवळ चुकून राहिलं असन तं?"

"नाई दादा. तुमीच पुसाले लावलं ना. म्या खरंच पुसलं. ठेवलं असतं तं बरं झालं असतं का हो?"

खुमेंद्रने फोन ठेवला. त्याच्या सांगण्यावरून आणखी किती जणांनी असंच खरंच पुसलं असेल, हे मनात येऊन त्याला स्वतःची किळस आली.

चार-सहा दिवस त्याने मायला कॉम्प्युटर बिघडला म्हणून थापा मारल्या. मग ती ऐकेना. गाडी निघाली. गोरेगाव आलं, दार उघडलं, कुणी ओरडलं नाही. मायचे हात तांदळात थांबले होते. कोहमारा येता येता खुमेंद्रने घसा साफ केला आणि बापाच्या हेलात स्वतःच हाक दिली, "कोहमारावाले, उतराऽ!"

"तू नको ओरडू," माय म्हणाली. "ते काऊन बोलून नाई राहिले?"

"माय, आवाज त्याहीच्या दुकानात होता. दुकान बंद झालं."

तिने थोडा विचार केला. सूप बाजूला ठेवलं, लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली आणि चुरगळलेल्या नोटा त्याच्यापुढे धरल्या.

"तिकीट लागते ना? पयलेबी घेतलं होतं तुह्या बाबूजीनं माह्याजवळून. घे, काढ तिकीट."

"माय, आता तिकीट भेटत नाई."

तिला ते पटलं नाही. पडद्यावर गाडी कोहमाऱ्याच्या थांब्यावर दार उघडं टाकून उभी होती, आणि माय पैसे धरलेला हात तसाच पुढे करून बसून राहिली.