चेण्याच्या मांडवातलं शवासन

मला जंगलाची भीती वाटते, हे मी गुरुजींना सांगितलं नाही. सौदा ठरायच्या आधी आपली अडचण समोरच्याला कळू द्यायची नसते.

माझा धंदा चादरी, टॉवेल आणि गाऊनचा. माल भिवंडीहून आणायचा, गाठोडं बांधायचं आणि नवघरच्या नव्या बिल्डिंगांचे जिने चढायचे. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर आम्ही परळची खोली सोडून भाईंदरला आलो आणि पुढे घर त्या गाठोड्यावर चाललं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर कमरेत अशी उसण भरली की मला खुर्चीत बसवून खाली उतरवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद करा, नाहीतर अंथरूण धराल. त्यांचं बोलून झालं. आमच्याकडे ओझं बंद म्हणजे चूल बंद.

कमरेसाठी म्हणून स्टेशनजवळच्या योगवर्गाला जाऊ लागले. कंबर हळूहळू सुटली, पण माझं लक्ष आसनांपेक्षा शिकवणाऱ्या बाईंकडे असायचं. त्या सतरंजीवर बसून नुसतं बोलायच्या आणि समोरच्या बायका वाकायच्या, वळायच्या. बाईंना काही उचलावं लागत नव्हतं. मला तो धंदा हवा होता. बाई म्हणाल्या, त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते चेण्याच्या जंगलातल्या एका आश्रमात महिनाभर राहून मिळतं.

तिथले गुरुजी म्हणजे मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले उंच, ताठ गृहस्थ. मी फी कमी करायला सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"ताई, इथे घासाघीस चालत नाही. हे विद्यादान आहे."

"मग निम्मं दान करा. तुमच्या सतरंज्या उंदरांनी कुरतडल्यात. सगळ्या नव्या मी आणून देते."

त्यांनी डोळे उघडून सतरंज्यांकडे बघितलं आणि सौदा ठरला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, महिनाभर सांभाळा, परत आले की गाठोडं कायमचं खाली.

काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रक, हॉर्न आणि गॅरेजचा ठणठणाट असतो. तिथून घोडबंदर रस्त्याने पुढे जाऊन चेण्याला आत वळलं की तो आवाज हळूहळू विरतो आणि मग एकदम नाहीसा होतो. मला आवाजाची सवय. त्या शांततेत मी पावलागणिक मागे वळून बघू लागले. वाटेत वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड होता, त्यापुढे ताजं फूल. पावसाळा संपून थोडेच दिवस झाले होते. गवत छातीपर्यंत वाढलेलं आणि करवंदीच्या जाळ्या इतक्या दाट की आत काय आहे ते दिसेना. आश्रम म्हणजे झोपायच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि नदीच्या अंगाला शेणाने सारवलेला मोठा मांडव. मांडवाला छप्पर होतं, भिंती नव्हत्या. सगळे वर्ग तिथेच.

माझ्या शेजारी झोपायला उत्तनची एक बाई होती. ख्रिस्ती, मासेमारी करणाऱ्या घरातली, माझ्यापेक्षा लहान. गावच्या शाळेत तिला योगशिक्षिका म्हणून घ्यायला तयार होते, प्रमाणपत्र आणलं तर.

"बाय, तुला पण झोप न्हाय?" पहिल्याच रात्री तिने विचारलं.

"नाही गं."

"आमच्याकडं दर्या हाय. तो रातभर ओरडतो, पण कुठून ओरडतो ते कळतं तरी. इथं कायच कळत न्हाय."

दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या ओट्याखाली झोपणारा कुत्रा नाहीसा झाला. गुरुजी म्हणाले, जवळच्या आदिवासी पाड्यावर गेला असेल, येईल. तो आला नाही. मीरा रोडचे एक गुजराती गृहस्थ होते, बँकेत कारकून, सगळ्यांची चेष्टा करायचे. ते मला म्हणाले, "ताई, टेन्शन नको. वाघ आला तर तुम्ही पुढे व्हा. भाव करून अर्ध्या माणसात पटवा त्याला." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी मोरीपर्यंत एकटी जाणं सोडलं.

आसनांचं मला काही वाटलं नाही. नाकातून सुताची दोरी घालून तोंडातून काढली, मिठाचं पाणी पिऊन ओकले, सगळं केलं. अडले ते शवासनाला. शवासनात उताणं पडायचं, हातपाय सैल सोडायचे आणि डोळे मिटून मेल्यासारखं राहायचं. जगातलं सगळ्यांत सोपं आसन. पण भिंत नसलेल्या मांडवात, ते गवत वाऱ्याने सळसळत असताना, माझे डोळे मिटायचेच नाहीत. मिटले तरी पापण्या उडत राहायच्या. गुरुजी वर उभे राहून म्हणायचे, "ताई, तुम्ही अजून बाजारातच आहात."

शेवटची परीक्षा अशी असायची की प्रत्येकाने बाकीच्यांचं शवासन घ्यायचं. गुरुजी स्वतःही विद्यार्थी होऊन डोळे मिटून पडत आणि नुसत्या आवाजावरून परीक्षा घेत. क्रम पक्का होता. उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, मग डावा पाय, असं डोक्यापर्यंत. नंतर थोडी शांतता. मग परत आणायचं, तेही हळूहळू: आधी श्वास, मग बोटं हलवा, मग कुशीवर वळा, मग बसा. गुरुजींचा एक नियम त्यांनी आमच्याकडून घोटून घेतला होता. शवासनातल्या माणसाला दचकवून उठवायचं नाही, काहीही झालं तरी. छाती धडधडते, कधीकधी माणूस आजारी पडतो.

माझी परीक्षा सकाळी होती, उजाडल्यावर. दव पडलेलं, नदीवर धुकं. मला उलट बरं वाटत होतं, कारण आज डोळे उघडे ठेवायची मुभा असलेली मी एकटीच होते. मी मांडी घालून बसले. समोर माझ्या सतरंज्यांवर सगळे दोन रांगांत उताणे पडले होते. गुरुजी पुढच्या रांगेत, उत्तनची बाई मागच्या रांगेत अगदी कडेला, नदीच्या बाजूला.

उजवा पाय झाला, डावा झाला, पोट, छाती. आवाज चांगला लागला होता. मी "कपाळ सैल सोडा" म्हणाले, गप्प झाले, आणि आता परत आणायचं म्हणून वर बघितलं तर मांडवाच्या कडेला बिबट्या उभा होता.

तो कधी आला ते मला माहीत नाही. गवत हललंही नव्हतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो लहान होता, आणि त्याने मला धीर आला नाही, कारण तेवढं अंतर एका उडीचंही नव्हतं. त्याने मान खाली घालून उत्तनच्या बाईच्या सतरंजीची कड हुंगली. मग मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

ओरडावं असं मनात आलं. ओरडणं माझ्या स्वभावातच आहे, मी भाजीवाल्यावर ओरडते, वॉचमनवर ओरडते. पण ओरडले असते तर सगळे धडपडून उठले असते, आणि सगळ्यांत आधी ती उठली असती, त्याच्या तोंडाशी. गप्प बसावं तर शांतता लांबली की कुणीतरी डोळा उघडून बघणार. आणि पुढचं वाक्य होतं, "बोटं हलवा."

ते वाक्य मी बोलू शकत नव्हते. म्हणून मी पुन्हा उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू केलं.

"उजवा अंगठा सैल. घोटा सैल. पोटरी सैल. गुडघा सैल." तो बसला. कुत्रा बसतो तसा मागच्या पायांवर बसला आणि ऐकू लागला. माझी जीभ टाळूला चिकटली होती. डावा पाय आला की उजवा, मला कळेना. गुडघा झाला, मांडी झाली, पुन्हा गुडघाच झाला. आवाज चढू द्यायचा नाही एवढंच धरून ठेवलं होतं. समोरच्या बँकवाल्यांना तर झोप लागली होती आणि ते घोरत होते, आणि त्या घोरण्याने तो कान वळवत होता. त्या माणसाचं नाक दाबावं असं मला त्याही वेळी वाटलं.

मग तो उठला, वळला आणि आल्या वाटेने गवतात गेला. मी आणखी एकदा डोक्यापर्यंत गेले आणि मगच म्हणाले, "आता हळूहळू बोटं हलवा."

सगळे उठून बसले. गुरुजींनी निर्विकार चेहऱ्याने निकाल सांगितला. "क्रम चुकला. गुडघा किती वेळा घेतलात? वेळ दुपटीहून जास्त. शेवटी आवाज कोरडा. नाही जमलं, ताई."

"इथे बिबट्या बसला होता," मी म्हणाले. हाताने जागा दाखवली.

मग बँकवाले म्हणाले, "कितने में पटाया, ताई?" आणि हशा पिकला. उत्तनची बाई हसली नाही. ती सतरंजीची घडी घालत होती.

गुरुजी मांडवाच्या कडेला गेले. दवाने माती ओली होती. ते खाली बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी चपलेने माती इकडून तिकडे पसरली. मी ते बघितलं.

"कुत्रा होता," ते म्हणाले. "पाड्यावरचा."

"मग ठसे पुसलेत कशाला?"

त्यांनी मला त्यांच्या खोलीकडे बोलावलं. आवाज अगदी मऊ. पुढच्या बॅचला बाहेरगावचे लोक येणार आहेत, असा एक शब्द पसरला तर आश्रम बंद पडेल, इतक्या वर्षांची तपश्चर्या. "उद्या पुन्हा परीक्षा द्या. मी पास करतो. फक्त कुत्रा होता एवढंच."

जो दुकानदार न मागता भाव उतरवतो, त्याचा माल फाटका असतो. मी म्हणाले, "पास करा. पण उद्यापासून वर्ग खोलीत घ्या, आणि लोकांना खरं सांगा."

"खोलीत घेतले तर कारण सांगावं लागेल."

"मग सांगा की!"

"तसं असेल तर आजचा निकाल तोच राहील."

गाठोडं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नवऱ्याचं तोंड आलं. मी तिथे आणखी थोडी घासाघीस करू शकले असते, नेहमी करते. पण डोकं फिरलं होतं. "राहू दे तुमचा निकाल!" मी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, बाहेर आले आणि अंगणात सगळ्यांना पुन्हा सांगितलं, काय बघितलं आणि कुणी काय पुसलं. मागून गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई घाबरल्या आहेत. भीती हा साधनेतला एक टप्पा असतो." सगळ्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. ती दया मला अजून टोचते.

मी बॅग भरली. पाड्यावरून रस्त्यापर्यंत सोबत म्हणून उत्तनची बाई आली, तिनेच बॅग उचलली. वाघोबाच्या दगडापाशी आल्यावर ती थांबली.

"बाय, मी बघितला त्याला."

मी वळून तिच्यासमोर उभी राहिले.

"त्याचा श्वास लागला माझ्या हाताला. डोळा उघडला तर तो. मी पळणारच होते. पण तू बोलत होतीस, सैल सोडा, सैल सोडा. म्हटलं, ही बोलतेय तवर पडून राहायचं. देवाची आण, तू थांबली असतीस तर मी उठले असते."

"आणि तिथे गप्प बसलीस? सगळे हसत होते तेव्हा?"

"मला शाळेत लागायचंय गं."

"मला काय कमरेला पट्टा बांधून जिने चढायची हौस आहे? चल वर. चल, आत्ता सांग त्यांना."

ती रडू लागली. पण हलली नाही. मी तिच्या हातातून बॅग हिसकावून घेतली आणि रस्त्याकडे चालू लागले. रिक्षात बसल्यावर माझे दात वाजायला लागले ते काशीमीऱ्याचे ट्रक दिसेपर्यंत वाजत होते. रिक्षावाल्याने विचारलं, "बुखार है क्या, मौसी?"

तिला प्रमाणपत्र मिळालं आणि शाळाही मिळाली. मी पुन्हा गाठोडं उचललं आणि कमरेला पट्टा बांधून आणखी काही वर्षं जिने चढले. पुढे कळलं की त्या मांडवाला लोखंडी जाळीच्या भिंती घातल्यात. मला त्याबद्दल कुणी चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही.

नंतर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी वर्ग सुरू केला. सेक्रेटरीने प्रमाणपत्र मागितलं तेव्हा मी त्याच्या बायकोची पाठ महिनाभर फुकट बरी करून दिली आणि विषय मिटवला. बायका येतात, टिकतात. त्या म्हणतात, बाकी तुम्ही कितीही ओरडा, पण शवासनात तुमचा आवाज किती शांत असतो हो. मला तेव्हा काय होतं ते मी सांगत नाही. सगळ्यांचे डोळे मिटले की माझं तोंड कोरडं पडतं, आणि "बोटं हलवा" म्हणायच्या आधी मी गच्चीच्या चारही कडा बघून घेते. शवासन सुरू करण्याआधी दाराला कडीही लावते. नवीन आलेली एखादी विचारते, "ताई, गच्चीवर कडी कशाला?" जुन्या बायका तिला कोपराने ढोसतात. "झोप गं तू. चिडतात त्या."