मार्थेझच्या सहीचं वाक्य

मार्थेझ झेराफाला 'नाही' म्हणण्याचा पगार मिळायचा. स्लीमाच्या आमच्या ऑफिसात खिडकीलगतचं टेबल तिचं होतं आणि माझं तिच्यासमोर. आमची कंपनी लोकांना मोबाइलवर सट्टा आणि पत्ते खेळायला लावते. परवाना इथला, माल्टाचा. गिऱ्हाइकं अठरा देशांतली. जाहिरातींचा मजकूर मी लिहायचे, आणि तो कुठल्या देशात चालेल, कुठे चालणार नाही, हे ती ठरवायची.

तिच्यापाशी एक लांबलचक तक्ता होता, टेबलावरून खाली लोंबणारा. ब्रिटन : चित्रात पंचविशीच्या आतला चेहरा नको. स्पेन : टीव्हीवर दाखवायची तर मध्यरात्रीनंतर एक ते पाचच्या मधे. स्वीडन : बोनस एकदाच, पहिल्या वेळी. इटलीच्या रांगेत तिने लाल पेनाने दोनच शब्द लिहिले होते : काहीही नाही. तिथे जुगाराची कसलीच जाहिरात करायला बंदी आहे.

"माणूस तोच, बोटं तीच, खेळ तोच," ती म्हणायची. "बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागली की पाप संपलं. एवढी सोय तर चर्चनेही कधी केली नाही, पोरी."

प्रत्येक जाहिरातीखाली तपासणाऱ्याचं नाव लागायचं. तिच्या नावाशिवाय काही बाहेर जायचं नाही, याचा तिला अभिमान होता. त्याआधी सव्वीस वर्षं ती हमरूनच्या एका छापखान्यात गावोगावच्या सणांच्या पुस्तिका तपासायची. संताच्या मिरवणुकीची वेळ चुकली तर गाव दोन दिवस बोलत नाही, म्हणून तिची नजर तयार झालेली. छापखाना बंद पडला आणि ती आमच्याकडे आली. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा गळ्यात, डब्यात तेल आणि टोमॅटो लावलेला पाव.

तिची इटालियन मात्र शाळेतली नव्हती. तिच्या पिढीत कुणाचीच नाही. तेव्हा प्रत्येक गच्चीवरचा अँटेना सिसिलीकडे तोंड करून असायचा आणि घरं इटालियन टीव्ही ऐकत मोठी व्हायची. तिची आई तर त्या भाषेत स्वतःची वाक्यं रचायची. जेवायला कुणी उशीर केला की ती जिन्यातून ओरडायची, "तुझी खुर्ची गार पडतेय!" इटलीत असं कुणी म्हणत नाही. तिथे सूप गार पडतं. पण त्या घरात मात्र खुर्चीच गार पडायची, आणि मार्थेझ आणि तिची धाकटी बहीण रोझिना धावत जिना चढायच्या.

रोझिना लग्न करून पलीकडे, सिसिलीतल्या पोत्साल्लोला गेली. बोटीने पावणेदोन तास. नवरा मासेमारी करायचा. तो वारल्यावर एकटेपणात तिला मोबाइलवरचा खेळ लागला. शिवणयंत्र गेलं, नवऱ्याची होडी गेली. चौदा महिन्यांपूर्वी ती स्वतःच्या पायांनी गेली आणि सरकारी यादीत नाव घालून आली : मला खेळू देऊ नका. ती कुठल्या साइटवर खेळायची ते मार्थेझने कधी विचारलं नव्हतं. 'मी का नाही विचारलं?' असं ती नंतर इतक्यांदा म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

एप्रिलमध्ये क्लेटन तिच्या टेबलाशी आला. क्लेटन आमचा वकील, पस्तिशीचा, सुगंधी. लहानपणी मार्थेझने त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं, त्यामुळे तो अजून तिला मिस म्हणतो.

"मिस, एक छोटंसं काम. इटलीसाठी आपण फुटबॉलच्या बातम्यांचं पान सुरू केलंय. त्याच्या जुन्या वाचकांना एक निरोप पाठवायचाय."

"इटलीत काहीही नाही," तिने तक्त्यावर बोट ठेवलं. "वाचायला येतं ना तुला? मीच शिकवलंय."

"जाहिरात नाहीये हो. बातमीपत्र. यात बोनस कुठेय? जुगार हा शब्द कुठेय?"

"पानाचं नाव आपल्या साइटचंच आहे. पुढे नुसतं 'बातम्या' चिकटवलंय."

"नाव एक असणं हा गुन्हा आहे का? आमच्या गावात चौदा जण जोसेफ आहेत." तो हसला. "मिस, भाषा तेवढी बघा. मशीनने केलेलं भाषांतर आहे, अगदी ठोकळेबाज. तुमच्यासारखी इटालियन या मजल्यावर कुणाला येते?"

मूळ इंग्रजी मजकूर माझा होता. 'तुमची आठवण येते, परत या', एवढाच. मार्थेझने त्याचं भाषांतर वाचलं, नाक मुरडलं. "हे काय, बँकेचं पत्र?" पेन उचललं आणि इटालियनमध्ये लिहिलं : तुझी खुर्ची गार पडतेय. मला त्याची गोष्ट सांगताना ती हसत होती. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. खाली तिने सही केली.

जूनच्या शेवटी तिच्या गावचा सण. त्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. सकाळपासून दारूकामाचे बार चालू होते, खिडक्या थरथरत होत्या. रोझिना आदल्या दिवशी बोटीने आली होती. टेबलावर रश्श्यातला ससा, आणि आईची जुनी खुर्ची भिंतीला टेकून.

रोझिना काही खाईना.

"काय झालं? ससा सिसिलीत जास्त चांगला मिळतो का?" मार्थेझ म्हणाली.

"मी परत खेळले, मार्थ."

बाहेर एक बार फुटला. कुणीच दचकलं नाही.

"यादीत नाव आहे ना तुझं?"

"यादी तिकडचा परवाना असलेल्या साइटसाठी. ही साइट इकडची, माल्टाची आहे, ती यादी बघतच नाही." रोझिनाने ताटाकडे बघत सांगितलं. "मी काही शोधायला गेले नव्हते गं. चौदा महिने हात लावला नव्हता. मोबाइलवर निरोप आला. लिहिलं होतं, तुझी खुर्ची गार पडतेय. मला वाटलं, आई. मूर्ख आहे मी, मेलेली बाई निरोप कसा पाठवेल? पण सगळ्या इटलीत असं कोण म्हणतं, तूच सांग. मी दाबलं. मग बसलेच. तीन आठवडे बसले."

मार्थेझने हातातला पाव खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. बहिणीला ती त्या दिवशी काही बोलली नाही. भांडी मात्र तिने अशी घासली की शेजारीण विचारायला आली, कुणाशी भांडलीस का.

सोमवारी तिने क्लेटनच्या खोलीचं दार उघडं टाकूनच बोलायला सुरुवात केली, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"हे वाचक कोण होते? ज्यांना निरोप गेला ते?"

"मिस, बसा ना."

"मी उभी बरी आहे. कोण होते?"

"जुने... आपल्याकडे पूर्वी ज्यांचं खातं होतं ते."

"म्हणजे खेळणारे. जे थांबले होते ते. फुटबॉल वाचणारं एकही कुत्रं त्या यादीत नव्हतं."

"कायद्याने बघायचं तर—"

"कायद्याने बघच."

क्लेटनने आवाज खाली आणला, समजावणीचा. "निरोप इथून निघतो. इथे तो बेकायदा नाही. ज्या जागी वाचला जातो तिथे कदाचित असेल, पण आपण तिथे नाही. आपण इथे आहोत. आणि तिथल्या कोर्टाने काही ठरवलंच, तर आपल्या कंपन्यांविरुद्धचा तो निकाल इथल्या कोर्टाने राबवायचा नाही, असा कायदाच केलाय आपल्या संसदेने. तुम्हाला कसलीही भीती नाही."

"मला भीती नाहीये रे, गाढवा," ती म्हणाली. तिचा आवाज मी एवढा वर गेलेला कधी ऐकला नव्हता. "मला लाज आहे. निरोपाला समुद्र ओलांडता येतो, निकालाला नाही? अशी कसली बोट आहे ही, जी फक्त जाते?"

"मिस, सगळे असंच करतात."

"पापाची कबुली द्यायला तुला देवापुढे उभा केला तेव्हाही हेच म्हणाला होतास. शेजाऱ्याच्या झाडाचे पीच चोरल्याबद्दल. नऊ वर्षांचा होतास, तेव्हा मी हसले होते."

तिने इटलीच्या सगळ्या मजकुरांवरचं आपलं नाव काढलं. प्रत्येकापुढे लाल पेनाने 'नाही' लिहिलं, त्याच्या प्रती घेतल्या, चष्मा गळ्यात अडकवला आणि गेली. दुपारपर्यंत क्लेटनने नेपल्सच्या एका मुलीला त्या टेबलावर बसवलं होतं. पुढचा निरोप तयारच होता, शुक्रवारी जायचा होता. तक्ता गुंडाळून कुणीतरी कपाटावर टाकला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. मूळ मजकूर माझा होता, त्याची तारखेसकट प्रत तिला हवी होती. शुक्रवारी दुसरा निरोप जातोय, हेही मी आल्या आल्या सांगितलं. ती जेवणाच्या टेबलाशी, जुगारावर नजर ठेवणाऱ्या इटलीच्या सरकारी खात्याला पत्र लिहीत बसली होती, आपल्या टीव्हीच्या इटालियनमध्ये. कंपनीचं नाव, पानाचं नाव, यादी कुणाची होती ते. खाली पूर्ण सही, आणि गाव ज्याने ओळखतं ते घराण्याचं टोपणनावही : घंटावाल्यांची. रोझिना आत स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बुधवारची बोट तिची.

"तिला सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

मार्थेझ उठली. दारात उभी राहून म्हणाली, "रोझिना, ते वाक्य मी लिहिलं. तो निरोप. सही माझी आहे."

सुरी थांबली.

"तू," रोझिना म्हणाली. "आईचं वाक्य तू त्यांना विकलंस?"

"विकलं नाही. दिलं. छान दिसावं म्हणून."

"म्हणजे त्याहून वाईट."

"हो."

"मी तीन आठवडे आईला शिव्या घातल्या, मार्थ. मेलेल्या बाईला. का बोलावलंस म्हणून." ती बाहेर आली, हात ओले. मला वाटलं, ही आता बॅग उचलून निघून जाईल. तिने टेबलावरचं पत्र ओढलं आणि उभ्यानेच वाचायला लागली. तीस वर्षं सिसिलीत राहिलेली बाई. पहिल्याच ओळीवर ओठ वाकडे झाले.

"हे इटालियन आहे? हे घरातलं बोलणं आहे. असं पत्र तिथे कुणी पुढे सरकवणार नाही. पेन दे."

मार्थेझने पेन दिलं. रोझिना वाचत गेली, ओळी खोडत गेली. मधेच थांबली.

"इथे लिहिलंयस, एका महिलेला हा निरोप मिळाला. कोण महिला?"

"तुझं नाव नको घालायला. पोत्साल्लो केवढंसं आहे. बेकरीवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना कळेल."

"मग ते म्हणतील, इटलीत कुणी वाचलाच नाही. तुझा तो वकील तेच म्हणणार ना? इथे लिहिला, तिथे कुणी वाचला त्याचा पुरावा काय?" तिने 'एका महिलेला' खोडलं आणि वर आपलं नाव लिहिलं, आडनाव, गल्ली, घर क्रमांक, यादीत नाव घातल्याचा दिवस. अक्षर इतकं दाबून की ते कागदाच्या मागे उमटलं.

मग शेवटची ओळ आली. मार्थेझने तिथे लिहिलं होतं की या साऱ्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

रोझिनाने तीही खोडली.

"माफी इथे नको. माझ्याकडे मागायचीय, ती नंतर माग. मी देईनच असं नाही," ती म्हणाली. "इथे तारीख लिही. शुक्रवारी दुसरा निरोप जाणार आहे, असं लिही. आणि सही कर, तशीच, जशी त्या निरोपाखाली केलीस."