दोन ठिपक्यांचा सिलिंडर

माझ्या बापाला अख्खा भंगारबाजार 'सूतभर' म्हणायचा. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना चालतील असे सुटे भाग शोधून बसवणं हा त्याचा धंदा, आणि "सूतभर फरक आहे, चालणार नाही" हे त्याचं लाडकं वाक्य. कारखाना केव्हाच बंद पडलेल्या गाडीला कुठल्या ट्रॅक्टरचा पंप बसेल, कुठल्या टेम्पोची कडी जुळेल, हे त्याला तोंडपाठ होतं. माझ्या वाढदिवसाची आठवण मात्र दर वर्षी आईच त्याला करून द्यायची.

राग म्हणाल तर नाकाच्या शेंड्यावर. एका गिऱ्हाइकाने "जरा ठोकून बसवा ना" म्हटलं, तर बापाने त्याची मान धरून त्याचं डोकं शटरवर आपटलं आणि विचारलं, "असं ठोकू?" आई म्हणायची, "ह्यांच्या हातात मोजायचा व्हर्नियर आहे तोवरच घर सुखरूप." खरंच होतं ते. मोजताना तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा. त्याच्या पट्ट्याचे वळ माझ्या पाठीवर आहेत, आणि केसाएवढा फरक बोटाला कळायला मला शिकवलं तेही त्यानेच. मला त्याची भीती वाटायची आणि त्याचा अभिमानही वाटायचा. आता काय करणार!

दुकानाचा एकच नियम होता. मोजल्याशिवाय भाग गाडीला लागायचा नाही, आणि ज्याने मोजला त्याने त्यावर पंच ठोकून खूण करायची. बापाचा एक ठिपका, माझे दोन.

दातांच्या डॉक्टरांच्या लाल दोन-सीटर गाडीला ब्रेकचा मास्टर सिलिंडर हवा होता. पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं हे नळकांडं आम्ही सात महिने शोधलं. शेवटी भंगारवाल्या काकांकडे एका अलीकडच्या गाडीचं सापडलं. काका म्हणजे बापाचा वीस वर्षांचा दोस्त. बाप बाहेर टेम्पो वळवत होता तेव्हा ते मला म्हणाले, "आतलं भोक तेच आहे, बोल्टही तेच आहेत. पण नळी बसते तिथले आटे मोजून घे गं पोरी. जुनी गाडी इंचाची, हा मिलिमीटरचा असला तर दगा देईल."

बसवायच्या दिवशी मी एक नट उलटा फिरवला म्हणून बापाने पाना फेकून माझं कोपर फोडलं होतं. डॉक्टर दारात उभे, बाप मागे ओरडतोय, "झालं का? अजून झालं नाही?" ब्रेकच्या नळीचा नट सिलिंडरमध्ये अलगद फिरला, घट्टही झाला. मी आटे मोजले नाहीत. दोन ठिपके ठोकले आणि मोकळी झाले.

आठव्या दिवशी उतारावर डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि नळी सिलिंडरमधून उपसून बाहेर आली. गाडी भिंतीवर गेली. जबडा तीन ठिकाणी मोडला, अकरा दात गेले. दातांच्याच डॉक्टरांचे दात, म्हणून बाजारात हसणारेही निघाले. त्यातल्या एकाचं नाक फोडून बाप आला आणि त्याने चेपलेल्या गाडीतून तेलामातीने बरबटलेला सिलिंडर काढला.

"आटे मिलिमीटरचे! मोजले कुणी?"

"काकांनी," मी म्हणाले. "म्हणाले, मीच मोजलेत, इंचाचेच आहेत."

भीतीने जीभ वळेल तशी वळली. बापाने चाकाचा पाना उचलला. मी मागून धावले.

काका वजनकाट्याशी बसले होते. पहिला घाव उजव्या हातावर बसला, दुसराही तिथेच. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यावरही ऐकू आला. "अरे, पोरीला विचार!" काका किंचाळले. "पोरीला विचार!"

"माझ्या पोरीचं नाव घेतोस?" म्हणत बापाने चौथा घाव तोंडावर घातला.

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काकांचा डावा डोळा गेला. पोलीस आले तेव्हा कुणी काही पाहिलेलंच नव्हतं. उलट बाजाराने काकांच्या पत्र्यांवर दगड मारले, त्यांची शेड जाळली आणि सोमवारपर्यंत आवार सोडायला सांगितलं. खोटा माल विकणारा बाजारात नको!

रविवारी बापाने पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवायला सिलिंडर रॉकेलने धुतला. माती गेली आणि ठिपके दिसले. दोन.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आता हा माझा जीव घेणार असं मला वाटलं. पण त्याने हात उचलला नाही. सिलिंडर शिकंज्यात आवळला, कानस घेतली आणि घासत राहिला.

"बाबा, नका ना."

"गप्प बस."

ठिपके गेले. जन्मात पहिल्यांदा त्याने बिनखुणेचा भाग फळीवर ठेवला. त्यापेक्षा मला बडवलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी त्याच जागी पुन्हा दोन ठिपके ठोकले आणि सिलिंडर घेऊन काकांच्या आवारात गेले. ते डाव्या हाताने सामान हातगाडीवर चढवत होते. बघ्यांची गर्दी होतीच. मी मोठ्याने सगळं सांगितलं. मोजलं नाही हे सांगितलं, खोटं बोलले हेही सांगितलं.

काकांनी सिलिंडर उरलेल्या डोळ्याजवळ नेला, ठिपके पाहिले आणि तो सरळ माझ्या कपाळावर फेकला. रक्त डोळ्यांत उतरलं. तेवढ्यात गर्दीतून बाप पाना उगारून धावला. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा, काका त्या दिवशी काय ओरडत होते? विचारा ना आता. पोरीला विचारा."

त्याने पाना खाली आणला.

"मोजले होतेस?" त्याने विचारलं.

"नाही."

बापाने पाना काकांच्या डाव्या हातात दिला आणि स्वतःचा उजवा हात वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर ठेवला. काका नको म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. काकांनी मारलं. एकदाच, पण पूर्ण ताकदीने.

आवार काकांकडेच राहिलं. बापाची तीन बोटं आता मिटत नाहीत, म्हणून दुकानात सगळं मी मोजते. तो शेजारी स्टुलावर बसतो आणि प्रत्येक भागाच्या वेळी विचारतो, "मोजलास?" मी हो म्हणते. तरी तो डाव्या हाताच्या बोटाने दोन्ही ठिपके चाचपून बघतो.