दाजींचा पितळी नळ

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पेशाने प्लंबर. लेकीसाठी त्यांनी पाण्याने थंड होणारा संगणक स्वहस्ते बांधावा, हे मला मुळीच पटले नव्हते. त्यात संगणकाच्या पेटीच्या तळाशी त्यांनी चक्क पितळी नळ बसवला.

"दाजी, खाली बादलीही ठेवा," मी म्हणालो.

"हसून घ्या, साहेब!"

ताईने मात्र बजावले, "एक भाग जरी भिजला, तर पुन्हा घरात पेचकस दिसता कामा नये."

बाकी यंत्राला वीज न देता दाजींनी केवळ पंप चालवला आणि नळ्यांखाली कागद अंथरले. तासाभराने एका सांध्याखाली ओला ठिपका उमटला. मी तोंड उघडण्यापूर्वीच दाजींनी पंप थांबवून नळ सोडला. पाणी मगात उतरले. त्यांनी सांधा आवळला, पाणी पुन्हा भरले. संध्याकाळपर्यंत नवा कागद कोरडाच राहिला. लेकीने बटण दाबताच पडदा उजळला आणि ताईने पेचकस मुकाट्याने दाजींच्या हाती दिला.

"पाणी म्हटलं की नळ हवाच," दाजी म्हणाले.

मान्य. परंतु माझ्या मोरीतला नळ सहा महिने गळतो आहे, तो या गृहस्थांच्या दृष्टीस केव्हा पडणार?